‘पर्यटक म्हणून जा, परमिटचं नंतर बघू’: थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला जाण्याआधी

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय. वय २९, एम.ए. इंग्रजी, बी.एड., चार वर्षं एका शाळेत शिकवतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम. लग्न झालंय, पासपोर्ट सासरच्या नावाने. थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला जायचंय. एक एजंट म्हणतो, “सध्या पर्यटक म्हणून चला, वर्क परमिट तिथे गेल्यावर शाळा करून देईल. दीड लाख भरा, शनिवारपर्यंत सांगा.” त्यांचा प्रश्न: कोणकोणते कागद लागतात, आणि आधी व्हिसा काढायचा की आधी नोकरी शोधायची?

शनिवारचं शेवटी सांगते. आधी खरी अडचण कुठे आहे ते बघू, कारण कागदांची यादी कुणीही देतं. माझ्या अनुभवात लोक अडकतात ते क्रमात आणि नावात.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी मिरजेची. २०१३ ते २०१९ थायलंडच्या ईशान्येला, खोन कॅन प्रांतातल्या एका सरकारी शाळेत शिकवलं. परत आल्यापासून ओळखीतल्या आणि ओळखीच्या ओळखीतल्या वीसेक जणांचे कागद माझ्या जेवणाच्या टेबलावर लागले आहेत. मी वकील नाही, एजंट तर नाहीच. शुल्क आणि दिवसांचे आकडे बदलत राहतात, तेव्हा अर्जाच्या आदल्या आठवड्यात वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा.

पहिली गोष्ट: कामाचा व्हिसा हा तुमच्या लायकीवर मिळत नाही, शाळेच्या पत्रावर मिळतो. थायलंडमध्ये त्याला नॉन-इमिग्रंट बी म्हणतात, बोलताना नुसतं ‘नॉन-बी’. त्यासाठी शाळेचं नेमणुकीचं पत्र, शाळेच्या नोंदणीचे कागद, आणि शाळा ज्या शिक्षण कार्यालयाच्या हाताखाली येते त्या कार्यालयाचं पत्र लागतं. हे सगळं थाई भाषेत आणि शाळेच्या सहीशिक्क्याने येतं. तुम्ही कितीही हुशार असलात तरी ते साताऱ्यात बसून तयार करता येत नाही. म्हणून उत्तर सरळ आहे: आधी नोकरी, मग व्हिसा. पण नोकरीच्याही आधी तुमच्या बाजूचे कागद. शाळा मार्चमध्ये हो म्हणाली आणि तुमचं पदवी प्रमाणपत्र अजून विद्यापीठातच असलं, तर ती जागा दुसऱ्याला जाते. तिथलं शालेय वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, भरतीची धामधूम फेब्रुवारी ते एप्रिल. एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण, त्या आठवड्यात कोणत्याही कार्यालयात कागद हलत नाही. उलट मोजलंत तर तुमची तयारी दिवाळीच्या सुमारास सुरू व्हायला हवी.

आता नाव. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पदवीवर बहुतेकदा तोच क्रम, काही ठिकाणी आईचंही नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र दुसऱ्या रकान्यात. आपल्याला हे सगळं एकच माणूस दिसतं. थाई कारकुनाला तीन दिसतात. ताई, तुमच्या बाबतीत तर बी.ए. आणि बी.एड. माहेरच्या नावाने, एम.ए. कदाचित लग्नानंतरचं, आणि पासपोर्ट सासरच्या नावाने. मधलं नावसुद्धा बदललेलं, वडिलांच्या जागी नवरा.

यावर लोक दोन चुका करतात. एक म्हणजे जुन्या पदव्यांवर नाव बदलून घ्यायला निघतात. त्यात वर्ष जाईल, आणि गरजही नाही. पदवी ज्या नावाने मिळाली त्या नावाने राहू द्या. दुसरी म्हणजे नुसतं प्रतिज्ञापत्र करून समाधान मानतात. ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच’ असं शंभराच्या किंवा पाचशेच्या मुद्रांकावर लिहिलेला कागद इथल्या बँकेत चालतो, तिकडे त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. साखळी लागते ती पक्क्या कागदांची: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि शक्य असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं स्पष्ट असतील तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं, पण माझ्या हातून गेलेल्यांपैकी ज्यांच्याकडे राजपत्र होतं त्यांना परत प्रश्न आला नाही.

ज्यांनी अजून पासपोर्टवर नाव बदललेलं नाही अशा मैत्रिणींना एक सांगते. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदलणं सक्तीचं नाही. परदेशी शिकवायला जायचा विचार असेल तर पदवीवरचंच नाव ठेवा. सासूबाईंना समजावणं सोपं जातं, परदेशातल्या कचेरीला समजावण्यापेक्षा. (माझ्या सासूबाई मात्र अपवाद होत्या.)

पासपोर्ट हातात आहे तर शेवटचं पानही बघा. तिथे ‘ईसीआर’, म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक, असं छापलेलं असेल तर थांबा. हा शिक्का दहावीचा पुरावा न जोडता काढलेल्या पासपोर्टवर असतो, आणि कामासाठी ज्या देशांत जाताना तो आडवा येतो त्या यादीत आखाती देशांबरोबर थायलंड आणि मलेशियाही आहेत. दहावी पास माणसाला हा शिक्का लागू नाही. पुरावा जोडून पासपोर्ट पुन्हा काढून घ्या. एम.ए. झालेली मुलगी विमानतळावर या कारणाने अडकलेली मी पाहिली आहे.

पदवी प्रमाणपत्राकडे येते. गुणपत्रिका नव्हे, पदवी प्रमाणपत्र, पदवीदान समारंभात मिळतं ते. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ते कधी घेतलेलंच नसतं. कॉलेजकडून मिळालेल्या पासिंग सर्टिफिकेटवर सगळं आयुष्य चालतं. आधी विद्यापीठाकडे अर्ज करून ते घ्या. आणि ज्यांच्या घरी ते आहे, त्यांच्या घरी ते बहुधा वडिलांनी कौतुकाने लॅमिनेट करून ठेवलेलं असतं. माझंही होतं. या कागदाच्या पाठीमागे शिक्के बसायचे असतात, आणि प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. खिडकीवरून परत आले, मिरजेच्या एका झेरॉक्सवाल्याने इस्त्रीने प्लास्टिक सोडवून देतो म्हटलं, त्यात विद्यापीठाचा शिक्का अर्धा उखडला. दुय्यम प्रत काढायला मला अडीच महिने लागले. तुम्ही इस्त्रीच्या वाटेला जाऊ नका, थेट दुय्यम प्रतीचा अर्ज करा.

मग साक्षांकन, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का. पायऱ्या अशा: विद्यापीठाची पडताळणी, मग राज्याच्या उच्च शिक्षण विभागाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. मंत्रालय सामान्य माणसाकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सींमार्फत द्यावे लागतात, आणि मुंबईतूनही ते होतं. इथे एक फाटा फुटतो. जो देश हेगच्या अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर एकमेकांचे कागद मान्य करण्याचा देशादेशांतला करार) आहे त्याच्यासाठी मंत्रालय अपोस्टिलचा स्टिकर लावतं, सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये, आणि तिथे काम संपतं. भारत या करारात २००५ पासून आहे. पण समोरचा देशही करारात असावा लागतो. मी गेले तेव्हा थायलंड नव्हता, म्हणून मंत्रालयाच्या साध्या साक्षांकनानंतर कागद थाई वकिलातीतून पुन्हा कायदेशीर करून घ्यावा लागला. महाराष्ट्रासाठी मुंबईत त्यांची महावाणिज्य दूतावास कचेरी आहे, दिल्लीला जायची गरज नाही. करारातल्या देशांची यादी वाढत असते. चीन २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आला. म्हणून पैसे भरण्याआधी ही यादी बघा. चुकीचा स्टिकर लावून आलेले कागद मी दोनदा पाहिलेत, दोन्ही वेळा ‘एजंटने सांगितलं’ हेच उत्तर.

कोणते कागद साक्षांकित करायचे? बी.एड. आणि एम.ए. नक्की. बी.ए. शाळेने मागितलं तर. विवाह प्रमाणपत्र, कारण नावाची साखळी तिथेच आहे. एवढंच. एका मुलाने बालवाडीच्या दाखल्यापासून सगळं करून घेतलं होतं, चाळीस हजार घालवले.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, शुल्क ५०० रुपये. तो सगळ्यात शेवटी काढा. साधारण सहा महिन्यांच्या आतलाच मागतात, आणि लोक उत्साहाने पहिला तोच काढतात.

आता इंग्रजी. ताई, तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठी माध्यमाचा उल्लेख केलात त्यावरून काळजी कळली. थायलंडच्या बाबतीत सांगते, कारण देशागणिक उत्तर वेगळं आहे. तिथे ब्रिटन, अमेरिका वगैरे देशांचे पासपोर्ट नसलेल्यांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. माझ्या वेळी टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ६०० गुण हा आकडा सगळीकडे चालायचा, आयईएलटीएसही चालायची. टोइकचा निकाल दोन वर्षं धरतात. तुमच्यासारख्या एम.ए. झालेल्या बाईला हे अवघड नाही. शाळा कुठल्या माध्यमाची, हे मला थायलंडमध्ये कुणीच विचारलं नाही.

जपानमध्ये विचारतात, आणि तिथे दार खरोखर बंद होऊ शकतं. शाळांमध्ये भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं असा नियम आहे. मराठी माध्यमाचा माणूस बी.ए., एम.ए. धरूनही तिथे कमी पडतो. चीनमध्ये भाषाशिक्षक मातृभाषाच शिकवणारा असावा हे धोरण आहे, म्हणजे इंग्रजीसाठी आपण सहसा बादच. कुणी चीनला बिझनेस व्हिसावर नेऊन शिकवायला लावतो म्हणाला तर ते बेकायदा आहे, मग शाळा कितीही मोठी असो. दक्षिण कोरियाशी २०१० पासून लागू झालेल्या करारात भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची तरतूद आहे, पण शिक्षकाची पात्रता हवी. तुमच्याकडे बी.एड. आहे, तेव्हा हा पर्याय मनात असू द्या. त्यातून प्रत्यक्ष गेलेलं कुणी माझ्या माहितीत नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

१२० तासांच्या ऑनलाइन टेफल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण) प्रमाणपत्राबद्दल सगळे विचारतात. मुलाखतीत थोडा उपयोग, कागदोपत्री पदवीची जागा ते घेत नाही. बी.एड. असलेल्याने त्यावर वीस हजार घालवू नयेत.

थाई शिक्षक परिषद, तिला तिकडे ‘खुरुसफा’ म्हणतात, तिचा परवाना असल्याशिवाय शाळेत शिकवता येत नाही. परवाना नसलेल्यांसाठी शाळा तात्पुरती सवलत मागते, ती दोन वर्षांची असते. बहुतेक परदेशी शिक्षक या सवलतीवरच चालतात. शिक्षणशास्त्राची पदवी असलेल्यांना पुढे रीतसर परवान्याचा रस्ता जास्त मोकळा असतो, म्हणून बी.एड.चे सगळे कागद, अगदी सराव पाठांच्या गुणांसकट, बरोबर न्या. परिषद विद्यापीठाला पडताळणीचं पत्र पाठवते. आपल्या विद्यापीठांचं उत्तर यायला किती वेळ लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको. शक्य असेल तर निघण्याआधी परीक्षा विभागात जाऊन अशा पत्रांना कोण उत्तर देतं ते विचारून ठेवा. मी विचारून ठेवलं नव्हतं, मग भावाला तीनदा रजा काढावी लागली.

शाळेचे कागद मेलने आले की व्हिसाचा अर्ज. २०२५ च्या जानेवारीपासून भारतातून थायलंडचा व्हिसा ऑनलाइन झाला आहे, रांगा गेल्या. नॉन-बी हातात घेऊन उतरलात की ९० दिवस मिळतात. त्या ९० दिवसांत तिथे वैद्यकीय तपासणी होते. प्रमाणपत्रावर क्षय, कुष्ठरोग, हत्तीरोग, सिफिलिस, दारू आणि अमली पदार्थांचं व्यसन नाही असं लिहून मिळतं. दवाखान्यात सारं पाच मिनिटांत उरकतं, घाबरू नका. मग वर्क परमिट, वर्षाचं शुल्क ३,००० बाट. मग मुक्कामाची मुदतवाढ, १,९०० बाट. हे कोण भरणार ते करारात लिहून घ्या. चांगल्या शाळा परमिटचे पैसे देतात, माझ्या शाळेने पहिल्या वर्षी दिले नव्हते. माझा तेव्हाचा पगार २२,००० बाट. शेजारच्या वर्गातल्या ब्रिटिश तरुणाला पदवी इतिहासाची, पगार ३२,०००. हे मनाला लावून घेणार असाल तर आत्ताच लावून घ्या आणि मोकळ्या व्हा, तिकडे जाऊन रोज त्याच गोष्टीवर चिडण्यात अर्थ नाही. वर्क परमिटवर शाळेचं नाव असतं. दुसऱ्या शाळेत शनिवारची शिकवणी केलीत तर तेही विनापरवाना काम ठरतं.

मुदतवाढ मिळाल्यावर दोन गोष्टी. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, उशीर झाला तर दंड २,००० बाट. आणि देशाबाहेर जाण्याआधी री-एंट्री परमिट घ्यायचं, एका वेळेचं १,००० बाट, अनेक वेळांचं ३,८००. ते न घेता विमानात बसलात की मुदतवाढ आपोआप रद्द. मी दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीत दिवाळीला घरी आले, आनंदात विसरले. फराळ खाऊन झाल्यावर फाइल उघडली तेव्हा लक्षात आलं. नॉन-बीपासून सगळं पुन्हा, तेही सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्ग रिकामा ठेवून. मुख्याध्यापिका बाई काही बोलल्या नाहीत, फक्त हसल्या. थाई लोकांचं ते हसू कळायला मला पुढे वर्ष लागलं.

आणखी एक गंमत. काही थाई कागदांवर तारीख बौद्ध शकात असते, आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे. मुदत २५६९ मध्ये संपते असं वाचून निवांत राहू नका, ते २०२६ आहे.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: पासपोर्ट आणि नावाची साखळी, मूळ पदव्या, साक्षांकन, इंग्रजीची परीक्षा, मग नोकरीचे अर्ज आणि मुलाखती, करार, पीसीसी, शाळेचे कागद, नॉन-बी, आणि मगच तिकीट. पहिल्या चार गोष्टींना चार महिने धरा. कुणाला दोनात झालं तर त्याचं विद्यापीठ तुमचं नाही असं समजा.

आता एजंटचं. तो पूर्ण खोटं बोलत नाही, म्हणूनच लोक फसतात. थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला, आणि तिथे गेल्यावर पर्यटकाचा मुक्काम बदलून नॉन-बी करून घेण्याची सोयही आहे. पण त्यासाठी मुक्कामाचे पुरेसे दिवस शिल्लक लागतात, आणि शाळेचे व तुमचे तेच सगळे कागद लागतात. नाहीतर लाओसला व्हिएंतियान किंवा सावन्नाखेतला जाऊन तिथल्या थाई कचेरीतून नॉन-बी आणावा लागतो. खोन कॅनहून रात्रीच्या बसने मीही गेले आहे, त्या री-एंट्रीच्या घोळानंतर. ते चालतं. चालत नाही ते एवढंच, की या मधल्या काळात तुम्ही वर्गात उभं राहून शिकवणं. परमिटशिवाय काम केल्याचा दंड ५,००० ते ५०,००० बाट आणि परत पाठवणी. तो दंड एजंट भरत नाही.

शिवाय ‘थायलंडमध्ये नोकरी, पर्यटक म्हणून या’ हेच वाक्य वापरून आपल्याकडच्या मुलांना म्यानमारच्या सीमेपलीकडे नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलंय. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तसा इशारा दिला होता. तुमचा एजंट तसलाच आहे असं मी म्हणत नाही. पण वाक्य तेच आहे.

तेव्हा शनिवारी त्याला तीन गोष्टी विचारा. शाळेचं नाव आणि गाव काय. शाळेच्या माणसाशी व्हिडिओवर बोलणं करून देणार का. आणि १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली तुमचा परवाना क्रमांक काय. क्रमांक मिळाला तर सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः तपासा. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. दीड लाखांतले उरलेले कशाचे, हेही विचारा. “ते सगळं तिकडे पोहोचल्यावर कळेल” असं म्हणाला तर फोन ठेवा आणि सोमवारी विद्यापीठात पदवी प्रमाणपत्राचा अर्ज टाका. त्याचं शुल्क दीड लाखाच्या जवळपासही जाणार नाही.